फुटाले इंच

माह्या ट्रकाले कोणी खेळणं म्हतलं की माह्यं डोकं फिरते. इथं अमरावतीत राजापेठेत माह्यं सुतारकामाचं दुकान आहे. मागच्या भिंतीले काचेचं कपाट आहे, अन् त्यात अकरा ट्रक उभे आहेत. गिऱ्हाईक येते, खिडकीचं माप सांगते, अन् बोलता बोलता त्याची नजर कपाटात जाते. मंग विचारते, मिस्त्री, हे पोरायसाठी करता काय? मी म्हणतो, नाई बावा, माह्यासाठी करतो. त्याले ते पटत नाई. चाळिशी उलटलेला माणूस पत्र्याचे दिवे अन् रबराची चाकं कापत बसते, हे अजून कोणालेच पटलं नाई. माह्या बायकोले बी पटलं नाई, अन् ती तं वीस वर्षं पाहून राहिली.

बारावा ट्रक माह्याजवळ नाई. तो अकोल्याच्या कोर्टात जमा आहे, अन् मी तो परत मागायले गेलो नाई. त्याचीच गोष्ट सांगतो.

मी मूळचा अकोल्याचा. तिथं बॉडी बांधायच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं मिस्त्री होतो. ट्रक काही कंपनीतून अख्खा येत नाई. येते ती नुसती चासी, म्हणजे इंजिन, बोनट, चाकं अन् मागं दोन लांब लोखंडी दांडे. ड्रायव्हर एका खोक्यावर बसून, डोक्याले फडकं गुंडाळून, ती तशीच उघडी चासी मुंबईहून चालवत आणे. पोचेपर्यंत त्याचं तोंड धुळीनं ओळखू येत नसे. मंग क्याबिन आमी करू, मागचा हौदा आमी करू, मागं खाली पडणारा फाळका आमी लावू. साग मेळघाटचा अन् खालचे आडवे बाभळीचे. महिन्याभरानं तोच ट्रक रंगून, हार घालून, नारळ फोडून दारातून बाहेर जाये, अन् मले राग ये. खरंच राग ये. एवढं मन लावून केलेलं काम, अन् आता हे रस्त्यानं गचके खाऊन नासणार. मालकाले त्याचं काही वाटत नाई, ड्रायव्हरले वाटत नाई. म्हणून मी जीव अडकलेल्या एकेका ट्रकाचा एक लहान जोडीदार घरी करून ठेवू लागलो.

माप एकच, फुटाले इंच. खऱ्या ट्रकाचा एक फूट तो माह्या ट्रकाचा एक इंच, अन् दीड इंचाले एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड कारखान्यात उरलेल्या सागाच्या तुकड्यायचं. बोनट डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं. चाकं फाटक्या चपलेच्या रबराची, अन् खालचे पाटे भिंतीवरच्या मोडक्या घड्याळाची कमान कापून केलेले. ते पाटे वजनानं खरोखर दबत. फाळका खाली पडे. स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत. हे सारं रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, दारातल्या उजेडात चाले. माही बायको मनकर्णा म्हणे, घरात डबा रिकामा झाला नाई तं माणूस कात्री घेऊन हजर. एक डाव तिनं डालडा शिल्लक असलेला डबा माह्यापासून धान्याच्या कोठीत लपवला होता.

माहा एक हट्ट होता. खऱ्या ट्रकावर जे आहे ते माह्या ट्रकावर पाहिजे, अन् जे नाई ते नाई. खरा ट्रक बदलला की माहा बी बदलला पाहिजे. ड्रायव्हर लोकायले हे माहीत झालं होतं. मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकावर कोणाचा दिवा फुटला, तं तो पहिले मालकाले सांगे अन् मंग मले येऊन सांगे. मी माह्या ट्रकाचा तोच दिवा चिमट्यानं चेपवत असे. एका मालकानं हिरवी क्याबिन पिवळी केली, तं आठ दिवसात माह्या कपाटातली बी पिवळी झाली. माह्या कपाटात खोटं काही नाई, याचा मले गर्व होता. सांगूनच टाकतो, लय गर्व होता.

पुंजाजी आमच्याच वस्तीत, माह्या घरापासून तीन घरं सोडून राहे. हमाली करे. छप्पन साली आमी दोघं नागपूरले एकाच डब्यातून गेलो, अकोल्यापासून उभ्यानं, अन् एकाच मैदानात दीक्षा घेतली. माणूस मोठा थट्टेखोर. रविवारी माह्या उंबऱ्यावर येऊन बसे अन् म्हणे, तुह्या ट्रकाले हमाल लागत असन तं सांग, तिथं माही कंबर तरी मोडणार नाई. त्याची बायको केशरबाई बाजारात फाटके पोते शिवायले जाये. रिकामा ट्रक तिच्या डोळ्याले बरा दिसेना, म्हणून तिनं मले गोणपाटाचे चाळीस पोते शिवून देले. तीन तीन इंचाचे, तोंडाशी दाभणाच्या टाक्यासकट. मी त्यात बारीक रेती भरली. पुंजाजी ते चिमटीत उचलून खांद्यावर ठेवे अन् कण्हल्यासारखं करे, अन् आमी हसत बसू.

पुंजाजी ज्या ट्रकावर हमाल होता, तो खुशालरावचा. निळा ट्रक. साठ साली मीच बांधला होता. हौदा चौदा फूट, अन् सरकारी पासिंगच्या पुस्तकात बी चौदा फूटच. चालवायले जानराव होता. चांगला ड्रायव्हर, तोंडात शिवी नाई अन् दारूले शिवत नाई. खुशालराव म्हणजे दोन जिनिंगवाल्यायचा माल वाहणारा मोठा माणूस. बासष्टच्या संक्रांतीनंतर त्यानं तो ट्रक परत कारखान्यात आणला. सरकीचा हंगाम होता, अन् त्याले एका खेपेत जास्त पोते न्यायचे होते. हौदा मागं दोन फूट वाढवून द्या, म्हणे.

आता हे पासिंगबाहेरचं काम. पण असं होतच राहे. पासिंगच्या दिवशी ट्रक एक अन् आठ दिवसानं दुसराच. आमच्या कारखान्याच्या शेठनं हो म्हणून मान हलवली अन् मी करवत उचलली. मागच्या चाकाच्या मागं दांडे जोडून दोन फूट बाहेर काढले, खाली बाभळीचे आडवे ठोकले, फाळका मागं नेला. काम चोख झालं. जोडावरून बोट फिरवलं तं लागत नव्हता. त्याच रविवारी मी घरचा निळा ट्रक काढला अन् त्याचा हौदा दोन इंच वाढवला. तसाच जोड, तसेच आडवे.

महिनाभर तो ट्रक चालला. मंग शिवरात्रीच्या आधी एका सकाळी सरकीचे पोते शेवटल्या फाळक्यापर्यंत भरून तो अकोल्याहून वाशिमले निघाला. पुंजाजी मालावर बसला होता. पातूरच्या पुढं घाटात, चढणीच्या वळणावर, ट्रक वळलाच नाई. सरळ गेला अन् कडेनं खाली पडला. जानरावचा पाय मोडला. पुंजाजी पोत्यायच्या खाली सापडला. दुपारी तीनले वस्तीत निरोप आला, अन् मी केशरबाईसंगं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं काय पाह्यलं ते मी सांगणार नाई.

जानराववर खटला झाला. बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारला म्हणून. तो एकच गोष्ट सांगे, पोलिसायले बी अन् दवाखान्यात भेटायले येणाऱ्यायले बी. स्टेअरिंग फिरवलं, चाकं वळले, पण गाडी वळली नाई, चाकाले जमीनच लागत नव्हती. लोकायले वाटे, अंगावर आलं म्हणून काहीबाही बोलून राहिला. मले नाई वाटलं. मागच्या चाकाच्या मागं वजन जास्त झालं की ट्रकाचं नाक वर उठते. सपाट रस्त्यावर समजत नाई. चढणीवर, वळणावर समजते. पण हे सांगणार कोण? पुस्तकात हौदा चौदा फूट. पंचनाम्यात लिहिलं की बॉडीचा चुराडा झाला. अन् ती मोडकी लाकडं खुशालरावनं पंचनामा होताच उचलून नेली अन् एका विटभट्टीत जाळली. जानरावले दोन वर्षं तरी होतील असं लोक म्हणत. घरी म्हातारी माय, बायको अन् तीन पोट्टे. हौदा सोळा फूट होता हे दाखवणारी जगात एकच वस्तू उरली होती, अन् ती माह्या घरात होती.

हे खुशालरावले बी समजलं. तो एका सकाळी एकटाच माह्या घरी आला. आमच्या वस्तीत असा माणूस कधी पाय ठेवत नसे, अन् ठेवला तरी उंबऱ्याबाहेरून बोले. तो आत आला, खाटेवर बसला, अन् मनकर्णाले म्हणे, वयनी, चहा टाका. प्याला. बशी चाटून पुसून प्याला अन् आणखी अर्धा मागतला. मी तुमाले खोटं सांगत नाई, मले ते बरं वाटलं. तो कायले आला हे मले माहीत होतं, तरी बरं वाटलं. त्याची लाज मले आज वाटते, त्या दिवशी नाई वाटली.

मंग त्यानं कपाटाकडे पाह्यलं. "देवमन," म्हणे, "दोन इंचाचं लाकूड आहे. काप अन् चुलीत घाल. तुह्यावर बी येणार नाई, माह्यावर बी येणार नाई, तुह्या शेठवर बी येणार नाई."

तो गेल्यावर मी निळा ट्रक खाली काढला. मनकर्णा चुलीजवळ होती. ती एवढंच म्हणाली की जानरावची बायको काल येऊन गेली, नुसती कपाटाकडे पाहून गेली. मी बारीक करवत घेतली अन् जोडाच्या वर टेकवली. एक हात ओढला. भुसा पडला. अन् मंग माह्याच्यानं पुढं ओढवेना. माणूस भला आहे म्हणून नाई. सोळा फुटाच्या ट्रकाले मी चौदा फूट कसा करू? ते माह्या हातानं होतच नव्हतं. हट्ट म्हणा. मी करवत ठेवली, ट्रक धोतराच्या फडक्यात गुंडाळला अन् सायकलले बांधून जानरावच्या वकिलाकडे गेलो.

वकील बापूसाहेब. पांढरी टोपी, जाड चष्मा, अन् मले पहिल्या भेटीपासून तुम्ही म्हणणारे. त्यायनं फडकं सोडलं. फाळका उघडला, मिटवला. पट्टी घेऊन स्वतः माप घेतलं. सोळा इंच. पासिंगचं पुस्तक शेजारी ठेवलं. मंग मी त्यायले नाक उठायचं समजावून सांगतलं. त्यायले ते लगेच समजलं, अन् उत्साहानं उठून त्यायनं कपाटातली कायद्याची दोन जाडी पुस्तकं काढली अन् हौद्याच्या शेवटच्या टोकावर ठेवली.

ट्रक तसाच उभा. पुढची चाकं टेबलाले चिटकून. त्यायनं तिसरं पुस्तक ठेवलं. मागचे पाटे पार दबले, पण नाक काही उठेना.

"देवमन," बापूसाहेब म्हणाले, "हा तर आपल्याच विरुद्ध साक्ष देतोय."

आता सांगणं भागच होतं. मी सांगतलं, साहेब, बोनटात शिसं आहे.

त्या रविवारी काय झालं ते असं. हौदा दोन इंच वाढवून झाल्यावर मी केशरबाईचे चाळीसच्या चाळीस पोते त्यात रचले, पार फाळक्यापर्यंत, खुशालराव रचणार होता तसेच. अन् पुढची चाकं उचलली. थोडीशीच. मी चाकाखाली पोस्टकार्ड सरकवलं तं ते आरपार गेलं. मले ते पाहावेना. ट्रक कसा चारी चाकावर टेकून उभा पाहिजे. म्हणून मी चुलीवर शिसं वितळवलं अन् बोनटात ओतलं. चाकं खाली बसली. मी चहा मागतला अन् संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो. जिंदगीत एकच डाव मी माह्या ट्रकात असं काही घातलं जे खऱ्यात नव्हतं.

बापूसाहेबायनं विचारलं, तेव्हा खरा ट्रक डोक्यात नाही आला? मी म्हतलं, नाई आला. ते खोटं होतं. आला होता. पोस्टकार्ड आरपार गेलं तवाच आला होता. मनात म्हतलं, उद्या शेठले सांगू. मंग वाटलं, शेठ म्हणन, देवमन, आता खेळण्यावरून मले शिकवतं काय? साऱ्या मिस्त्र्यायसमोर म्हणन अन् सारे हसतील. तो एक शब्द ऐकायले लागू नये म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, अन् मंग निळा ट्रक रोज बरा जाते येते हे पाहून विसरलो.

बापूसाहेबायनं चष्मा पुसला. मंग म्हणाले, हे कोर्टात बोलायचं नाही. शिसं काढून टाका. त्या माणसाची सुटका दोन फुटांवर आहे, तुमच्या मनात काय आलं होतं त्यावर नाही. विचारलेल्याचं खरं उत्तर द्या अन् न विचारलेलं सांगू नका. मी घरी येऊन बोनट उलटं केलं, तापवलं, शिसं सांडून घेतलं. पोराच्या मुठीएवढा गोळा निघाला. मनकर्णानं विचारलं, हे काय? मी म्हतलं, काही नाई.

माह्यं नाव साक्षीत लागलं त्याच दिवशी शेठनं मले कारखान्यातून काढलं. शिव्या नाई, भांडण नाई. हत्याराची पेटी दारात आणून ठेवली. चौदा वर्षं झाली होती.

उन्हाळ्यात तारीख लागली. मी ट्रक मॅजिस्ट्रेटसाहेबाच्या टेबलावर ठेवला. मागं बसलेले काही जण हसले, अन् त्या दिवशी मले त्याचा राग आला नाई. मी माप सांगतलं, जोड दाखवला, काम कोणाच्या सांगण्यावरून झालं ते सांगतलं. हे काम केलं कोणी, असं साहेबायनं विचारलं. मी म्हतलं, मीच केलं. साहेबायनं स्वतःच्या हातानं काचेचा पेपरवेट उचलून फाळक्याजवळ ठेवला. नाक उठलं. साहेबायनं खाली वाकून चाकाखालचा उजेड पाह्यला.

समोरच्या वकिलाले जोडावरची करवतीची खूण दिसली. त्याले वाटलं सापडलं काही. ही कशाची, म्हणे. मी म्हतलं, कापायले बसलो होतो, कापवलं नाई. कोणी सांगितलं होतं कापायला? मी खुशालरावकडे पाह्यलं अन् नाव घेतलं. मंग त्या वकिलानं विचारलं, काम करताना धोका आहे हे माहीत होतं का? मी म्हतलं, काम करताना माहीत नव्हतं. हे खरं होतं. करताना नव्हतं, रविवारी झालं. त्यानं रविवारचं विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई. नागपूरले हात जोडून मी खोटं बोलणार नाई असं म्हतलं होतं, अन् त्या पिंजऱ्यात मी एक अक्षर खोटं बोललो नाई. गप्प बसणार नाई असं मात्र कोणी माह्याकडून म्हणून घेतलं नव्हतं.

महिन्यानं निकाल लागला. जानराव सुटला. खुशालराववर अन् शेठवर वेगळं प्रकरण निघालं, त्याचं पुढं काय झालं ते मले माहीत नाई, कारण तोवर आमी अमरावतीले आलो होतो. निकालाच्या दिवशी मात्र मी तिथं होतो. जानराव कुबड्या टाकून माह्या गळ्यात पडला. त्याच्या मायनं माह्या तोंडावरून हात फिरवला. लोक म्हणत होते, देवमनसारखा माणूस पाहिजे, नोकरी गेली पण खरं बोलला. मी सारं ऐकून घेतलं.

केशरबाई एकटी कोर्टाच्या ओट्यावर बसली होती. मी जवळ गेलो तं ती उठून उभी राहिली. म्हणाली, भाऊ, ते नेहमी सांगत की देवमनच्या डोळ्यातून सूतभर सुटत नाई. तुमी होते म्हणून समजलं की ते कायनं गेले. नाई तं मी जिंदगीभर जानरावले शिव्या देत बसली असती. अन् ती माह्या पाया पडायले वाकली.

तिथं माह्याच्यानं राहवलं नाई. ज्याच्या त्याच्याकडून शाबासकी घेतली होती, हिच्याकडून घेता येईना. मी तिले हाताले धरून उभं केलं अन् ओट्यावर बसवलं, अन् सारं सांगतलं. तिनं शिवलेले पोते रचले ते सांगतलं. पोस्टकार्ड सांगतलं. शिसं सांगतलं. शेठ हसन म्हणून बोललो नाई, तेही सांगतलं. म्हतलं, वयनी, मले महिनाभर आधी माहीत होतं. शेठले सांगायची माही छाती नाई झाली. खुशालरावले सांगायची तं नाईच नाई. तेवढी हिंमत माह्यात नव्हती.

ती रडन, शिव्या देईन, मारन बी, असं मले वाटलं होतं. मारलं असतं तं बरं झालं असतं.  तिनं माह्याकडे वळून विचारलं, अगदी हळू, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

"शेठले नसतं सांगतलं, भाऊ. मले काहून नाई सांगतलं? मी त्यायले त्या गाडीवर चढूच देलं नसतं."

 ती उठली, पदर नीट केला अन् एकटीच वस्तीकडे चालायले लागली. मी ओट्यावरच बसून राहिलो. पोस्टकार्ड आरपार गेल्यापासून पुंजाजी जाईपर्यंत, महिनाभर, केशरबाई मले रोज सकाळी नळावर भेटत होती. मी बादली खाली ठेवून तिले जयभीम घालत होतो, अन् ती मले विचारत होती की भाऊ, आज कामावर लवकर निघाले काय.